पट, पत्ते आणि पडदा

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात जाणारा मराठी प्रवासी बहुधा एका चित्रापाशी थांबतो. सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम हळदणकर यांनी रंगविलेली, हाताआड धरलेल्या दिव्याच्या प्रकाशात उजळून निघालेली ती युवती पाहून झाली की राजवाडा पाहिल्याचे समाधान मानून तो परततो. रंगमहालाच्या भिंतींकडे लक्ष जाते ते थोड्यांचेच. त्या भिंतींवर देवादिकांच्या चित्रांच्या शेजारी चक्क खेळांचे पट चितारलेले आहेत. राजवाड्याच्या भिंतीवर लढाया असाव्यात, शिकारी असाव्यात, मिरवणुका असाव्यात, ही रीत सर्वत्र आढळते. पण सोंगट्यांच्या घरांना तो मान देणारा राजा विरळा.

हे पट ज्याच्या कल्पनेतून उतरले तो मुम्मडी, म्हणजे तिसरा, कृष्णराज वडियार. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या या मुलाला गादीवर बसविले. वयात आल्यावर त्याने काही वर्षे राज्यकारभार पाहिला. परंतु नगर प्रांतातील बंडाचे निमित्त होऊन १८३१ साली गव्हर्नर-जनरल बेंटिंक याने तो कारभार काढून घेतला आणि इंग्रज कमिशनरांच्या हाती दिला. राजा त्या वेळी सदतीस वर्षांचा होता. त्यानंतर १८६८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तितकीच वर्षे, तो नावाचा राजा होता. पत्त्यांच्या भाषेत बोलावयाचे तर राजा म्हैसूरचा होता, हुकूम मात्र दुसऱ्याचा होता.

या रिकाम्या झालेल्या काळात त्याने विद्वानांना व चित्रकारांना आश्रय दिला, आणि ‘श्रीतत्त्वनिधि’ नावाचा नऊ निधींचा प्रचंड सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. त्यांतील शक्ती, विष्णू, शिव आदी निधींत देवतांची ध्यानरूपे आहेत. नववा कौतुकनिधि हा खेळांचा. त्यात गंजिफांचे नवनवे प्रकार वर्णिले आहेत. दशावतारी गंजिफांचे दहा रंग आणि एकशेवीस पत्ते एवढ्यावर सावंतवाडीची मंडळी समाधान मानीत. म्हैसूरच्या राजाने ‘छाद’ नावाचे खेळ रचले ते छत्तीस पत्त्यांपासून तीनशे साठ पत्त्यांपर्यंत. बुद्धिबळातील घोड्याने प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून चौसष्ट घरे फिरून यावे, या कोड्याचाही त्याला फार नाद होता, आणि त्याने सोडविलेल्या अशा फेऱ्यांची दखल युरोपातील बुद्धिबळाच्या इतिहासकारांना घ्यावी लागली आहे. त्याच्या काही पटांचे अंतिम घर चामुंडेश्वरीच्या चरणांपाशी आहे. जिंकणे म्हणजे देवीचे सायुज्य, अशी ती योजना होती. मराठी घरांतून एकेकाळी खेळला जाणारा, परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट याच कुळातला.

आता या राजाविषयी दोन प्रकारची मते संभवतात. राज्य गेले असता जो माणूस सोंगट्यांची घरे आखीत बसला, त्याने दुःखापासून पळ काढला, असे एक मत. दुसरे मत असे की, ज्याच्या हातून सर्व नियम करण्याचा अधिकार काढून घेतला गेला होता, त्याने निदान एक असे क्षेत्र निर्माण केले की जेथील नियम त्याचेच होते. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु निर्णय करावयाचा तर खेळाकडे न पाहता खेळाबाहेरच्या आयुष्याकडे पाहिले पाहिजे. राजाने आपला दावा कधी सोडला नाही. त्याने अर्ज-विनंत्या चालू ठेवल्या, १८६५ साली दत्तक घेतला, १८६७ साली इंग्रज सरकारकडून तो मान्य होण्याइतका पाठपुरावा केला. आणि १८८१ साली त्या दत्तक पुत्राच्या हाती राज्य परत आले. पळ काढणाऱ्याचे हे लक्षण नव्हे.

हा जुना प्रसंग आठवण्याचे कारण असे की, तीच शंका आज घरोघर विचारली जात आहे, आणि तिचा विषय आहे दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून खेळावयाचे यंत्र. बाजारात त्याला कन्सोल म्हणतात. मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो, कंट्रोलर हाती घेतो आणि पडद्यावरच्या राज्यात निघून जातो. आई म्हणते, डोळे जातील. आजोबा म्हणतात, बुद्धी जाईल. मुलगा म्हणतो, एवढा एक टप्पा संपू दे. यांतील कोणाचे खरे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कन्सोल हे पटाचे आणि पत्त्यांचे शत्रू म्हणून जन्मास आले, असे सर्रास समजले जाते. वस्तुतः ते त्यांचेच वंशज आहे. घरी खेळावयाचे पहिले कन्सोल, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून उतरलेले ‘ओडिसी’, हे १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. त्याच्या खोक्यात यंत्राबरोबर फासे होते, पत्ते होते, खोटे पैसे होते, आणि दूरचित्रवाणीच्या काचेवर चिकटवावयाचे रंगीत पारदर्शक पट होते. यंत्राला बिचाऱ्याला काही ठिपके हलविण्यापलीकडे फारसे येत नव्हते, आवाजही नव्हता. उरलेला खेळ खेळणाऱ्यांनी फाशांनी आणि कल्पनेने पुरा करावयाचा. दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. ज्या ‘निन्तेंदो’ कंपनीने १९८३ साली जपानात आपले यंत्र आणून पुढे साऱ्या जगातील घरे व्यापली, ती कंपनी १८८९ साली क्योतो शहरात स्थापन झाली ती हाताने फुलांचे पत्ते रंगविण्यासाठी. सावंतवाडीच्या चितारी आळीतून पुढे विजेची यंत्रे निघाली असती, तर जो प्रकार झाला असता, तोच जपानात झाला.

तेव्हा फरक आहे तो कुळाचा नव्हे, अधिकाराचा. पटावरच्या खेळात नियम पाळावयाची जबाबदारी खेळणाऱ्यांवर असते. कवड्या किती उताण्या पडल्या, सोंगटी खरोखर मेली की नाही, हात कोणाचा, यावरून वाद होतो. कोणी रडीचा डाव खेळतो, कोणी रुसून उठतो, आणि मोठी बहीण निवाडा देते. या भांडणांतून मुले एक अवघड गोष्ट शिकतात: नियम हा सर्वांनी मिळून धरून ठेवलेला असतो, आणि एकाने सोडला की तो पडतो. कन्सोलवर हे शिक्षण मिळत नाही. तेथे न्यायाधीश यंत्र आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही आणि त्याची समजूतही काढता येत नाही. फार तर बटण बंद करता येते.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. यंत्र पक्षपात करीत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी पटावर केलेली लबाडी पुष्कळ मुलांनी निमूटपणे सोसलेली असते. यंत्रापुढे सहा वर्षांची नात आणि साठ वर्षांचे आजोबा एका पायरीवर येतात, आणि बहुधा नातच जिंकते. ज्याला सवंगडी नाही, ज्याला आजारपणाने अंथरुणाला खिळविले आहे, त्यालाही खेळ मिळतो. २०१८ साली ‘एक्सबॉक्स’ यंत्रासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने असा कंट्रोलर काढला की ज्यांची बोटे नीट चालत नाहीत त्यांना कोपराने, पायाने, मोठ्या बटणांनी खेळता यावे. सागरगोटे वा विटीदांडू यांच्या शास्त्रात ही सोय नाही.

आणखी एक गुण. मुम्मडी कृष्णराजांच्या तीनशे साठ पत्त्यांच्या खेळाचे नियम समजण्यास पंडित लागावा. ते खेळ राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत, याचे हेच कारण असावे. म्हैसूरच्या सामान्य घरांत आणि देवळांच्या ओट्यांवर चौकाबारा आणि अळगुळी मणे हेच खेळ चालत राहिले, कारण ते पाहता पाहता येतात. कन्सोलच्या उत्तम खेळांनी ही विद्या साधली आहे. १९८५ साली शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचा पहिला टप्पा पाहावा. एक अक्षर वाचावे लागत नाही. डावीकडे जागा नाही, म्हणून मूल उजवीकडे जाते. समोरून एक प्राणी येतो, धडकतो, डाव संपतो. दुसऱ्या वेळी मूल उडी मारते. नियम सांगितला गेलेला नाही, तो हाताला कळलेला आहे. चूक करण्याची लाज वाटत नाही, कारण चूक पाहणारे कोणी नसते आणि पुन्हा आरंभ करण्यास क्षण पुरतो. ज्या शाळांतून उत्तर चुकले की छडी बसत असे, त्या शाळांत वाढलेल्या पिढीला या गुणाचे मोल अधिक कळावे.

बुद्धी जाईल, या आजोबांच्या भीतीला संशोधकांनी फारसा दुजोरा दिलेला नाही. ग्रीन आणि बॅव्हेलिअर या दोन संशोधकांनी २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवान खेळ खेळणाऱ्यांची दृष्टी एकाच वेळी अधिक वस्तूंवर लक्ष ठेवू शकते, असे दिसून आले. २००७ साली अमेरिकेतील तेहतीस शल्यवैद्यांची पाहणी झाली. पूर्वी आठवड्यातून तीन तासांहून अधिक काळ असे खेळ खेळलेल्यांकडून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या कसोटीत ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि कामही २७ टक्के वेगाने झाले. हे आकडे ऐकून कोणी मुलाला डॉक्टर करण्यासाठी यंत्र घेऊ नये. तेहतीस माणसे म्हणजे फार थोडी, आणि ज्यांचा हात मुळातच चपळ त्यांनाच असे खेळ आवडत असतील, हेही शक्य आहे. मात्र खेळाने बुद्धी मंद होते, हे म्हणणे यानंतर तसेच रेटता येत नाही.

मग भय आहे ते कशाचे? ते आहे न थांबण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याची लक्षणे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत: खेळण्यावरील ताबा सुटणे, खेळ हा इतर सर्व गोष्टींहून मोठा होऊन बसणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, तेही साधारणपणे बारा महिने. तासांचा आकडा त्यात कोठेही नाही. म्हैसूरच्या राजाला जी कसोटी लावली ती हीच. सुटीच्या दिवशी चार तास खेळून जेवावयास उठणारा मुलगा रोगी नव्हे. एकच तास खेळून उरलेला दिवस त्याच तासाच्या चिंतनात घालविणारा, ज्याचे मित्र सुटले, झोप सुटली, त्याच्याकडे मात्र पाहिले पाहिजे. म्हैसूरपासून काही तासांच्या अंतरावर, बंगळूरच्या निमहान्स या संस्थेत २०१४ साली अशा मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी वेगळे चिकित्सालय सुरू झाले. पालकांनी तेथे जाण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

न थांबण्याचा दोष सर्व खेळांत सारखा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. गंजिफांचा डाव पत्ते संपले की संपतो. शिवाय त्या खेळात एक सुंदर संकेत आहे: दिवसा खेळावयास बसल्यास रामाचा रंग ज्याच्या हाती त्याने प्रथम उतरावे, रात्री कृष्णाचा ज्याच्या हाती त्याने. म्हणजे डाव मांडण्यापूर्वी खिडकीबाहेर पाहावे लागते. कन्सोल ज्या खोलीत असते तेथे बहुधा पडदे ओढलेले असतात. तथापि जुन्या पद्धतीच्या कन्सोल-खेळालाही शेवट असे. राक्षस मेला, राजकन्या सुटली, नावांची यादी पडद्यावरून वर सरकली, की खेळ संपला. १९९० नंतर जपानी यंत्रांच्या स्वस्त नकला आपल्याकडे आल्या, तेव्हा मुले ज्या कॅसेटी आपसांत बदलून घेत त्या अशाच खेळांच्या. आता पुष्कळ खेळ इंटरनेटला जोडलेले असतात, त्यांना शेवट नसतो, ‘हंगाम’ असतात. आज खेळला नाहीत तर उद्या हे बक्षीस मिळणार नाही, असे ते सांगतात. बंद पेटी विकत घ्या, आत काय आहे ते उघडल्यावर कळेल, असेही सांगतात. कवड्या फेकणाऱ्याला शकुनीमामा ओळखू येत असे, कारण तो समोर बसलेला असे. येथे तो दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि कौशल्याच्या स्पर्धांना मात्र उत्तेजनाचे धोरण ठेवले, हा भेद तत्त्वतः योग्यच आहे. परंतु बंद पेटीचा मोह हा या दोहोंच्या मधल्या सीमेवर उभा आहे, आणि तेथे पहारा घरच्यांनीच द्यावयाचा आहे.

सरसकट बंदीने काय होते ते चीनने पाहिले. तेथे २००० साली कन्सोलवर बंदी आली आणि ती पुरती उठण्यास २०१५ साल उजाडले. या पंधरा वर्षांत चिनी मुले खेळावयाची थांबली नाहीत. ती संगणकाच्या दुकानांत आणि पुढे भ्रमणध्वनीवर खेळू लागली, म्हणजे बैठकीच्या खोलीतून उठून आईबापांच्या दृष्टीआड गेली. कन्सोलचा एक न बोलला जाणारा गुण यातून ध्यानात यावा. ते मोठ्या पडद्याला जोडलेले असते, घराच्या मधोमध असते. मूल काय खेळते, कोणाशी बोलते, जिंकल्यावर कसे वागते, हे भाजी निवडणाऱ्या आईलाही दिसते. मनात आले तर दुसरा कंट्रोलर घेऊन तिला शेजारी बसताही येते. खिशातल्या यंत्राविषयी असे म्हणता येणार नाही. आकाशवाणी हे नाव ज्याने प्रथम धारण केले ते प्रक्षेपण केंद्र १९३५ साली म्हैसूरमध्येच, एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या घरी सुरू झाले. मानसशास्त्रज्ञाने यंत्र घराबाहेर न ठेवता घरात आणावे, यात अर्थ आहे.

किमतीची गोष्टही टाळता येत नाही. ‘प्लेस्टेशन ५’ हे यंत्र २०२१ साली भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि नवा खेळ पाच हजारांच्या घरात. कारकुनाच्या घरात ही रक्कम एका विरंगुळ्यावर घालणे न्याय्य ठरविणे कठीण. गंजिफांत ‘दरबार कलम’ आणि ‘बाजार कलम’ असे दोन भेद होते: हस्तिदंती पाने राजांसाठी, कापडाची व कागदाची पाने बाजारासाठी, खेळ मात्र तोच. कन्सोलच्या जगात बाजार कलम अद्याप नीट निर्माण झालेली नाही. भाषेची अडचणही आहेच. बहुतेक खेळ इंग्रजी वा जपानी बोलतात, आणि म्हैसूरच्या वा सांगलीच्या मुलाच्या स्वप्नात परक्या देशांचे किल्ले येतात. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ कन्सोलवर आणला. त्यात भावाला सोडविण्यासाठी निघालेली मुलगी आहे, दुर्गा आणि विष्णू आहेत, राजवाड्यांच्या कमानी आहेत. देवतांची ध्याने आणि खेळाची घरे एकत्र आणण्याचा जो उद्योग म्हैसूरच्या राजाने केला, त्याचीच ही पुण्यातील आवृत्ती म्हणावी लागेल.

जुन्या खेळांचे कैवारी मात्र एका गोष्टीचा विचार करीत नाहीत. म्हैसूरच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पाठोपाठ २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांनाही मिळाले. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० नंतर ही कला वृद्ध कलावंतांकडून शिकून घेऊन मरणाच्या दारातून परत आणली, आणि म्हैसूरमध्ये रामसन्स कला प्रतिष्ठान जुन्या पटांची प्रदर्शने भरवीत आले आहे. हे सारे स्तुत्य आहे. पण विकत घेतलेली गंजिफा बहुतेक घरांत काचेच्या चौकटीत भिंतीवर जाते. तिच्यामुळे कोणाचा अभ्यास बुडत नाही आणि कोणाची झोप मोडत नाही, कारण ती कोणी खेळतच नाही. कन्सोलला दोष देताना निदान एवढे कबूल केले पाहिजे की त्याला खेळगडी आहेत.

मात्र टिकण्याच्या कसोटीत पारडे उलटते. अलीकडे तबकडीचा खाचा नसलेली कन्सोल विकली जातात. खेळ तारेवरून उतरवून घ्यावयाचा. तो मित्राला देता येत नाही, वापरून झाल्यावर विकता येत नाही. सोनी कंपनीने ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आणला. खेळणारे पुरेसे जमले नाहीत, म्हणून ६ सप्टेंबरला तो बंद करण्यात आला आणि घेणाऱ्यांना पैसे परत देण्यात आले. यंत्र घरात होते, तबकडीही काहींच्या हाती होती. पण दूर कोठेतरी असलेला संगणक थांबला होता, आणि पंधरा दिवसांपूर्वी चालू असलेला तो खेळ कोणालाच पुन्हा मांडता येईना.